खाडीकाठचे पदाधिकारी

सावर्डेकर ओळख झाली की माणसाला आधी एक पद देऊन टाकत. मी शारजात नवा होतो. अल मजाजच्या आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये त्यांनी नाव विचारलं आणि तळमजला येईपर्यंत मी सावलीप्रमुख झालो होतो. दर शुक्रवारी सकाळी खाडीकाठच्या वाळूत मोठी छत्री रोवायची, हे माझं काम. बिनपगारी.

"व्हॉलंटिअर, हबीबी! पगार घेऊन तर ऑफिसातही करतोच की!"

या सगळ्याचं मूळ त्यांच्या कंपनीतला एक फ्रेंच इंजिनिअर. तो आपल्या खेड्याच्या गोष्टी सांगे. वस्ती मूठभर, पण आग विझवायला, जत्रेत स्वयंपाक करायला, वाचनालय उघडायला गावकरीच पुढे, तेही फुकट. आणि संध्याकाळी झाडांखाली पेतांक. आधी एक लाकडी गोळी लांब फेकायची, मग तिच्या जवळात जवळ लोखंडी गोळा टाकायचा, एवढाच खेळ. देश सोडताना साहेबाने गोळ्यांची पेटी सावर्डेकरांना दिली आणि यांनी अख्खं खेडंच शारजात वसवलं. फ्रान्स कधी पाहिला नव्हता, पण बोलणं असं की सासुरवाडीच तिथली.

"आमच्या तिकडे असलं चालत नाही!"

रोल्ला बाजारातले दुकानदार जोशी दोरीप्रमुख. कुणाचा गोळा जवळ ते दोरीने मोजायचे. आमचा मल्याळी वॉचमन टाळीप्रमुख. तो जरा पेंगला की सावर्डेकर ओरडत, "अरे कुट्टी, ताली किधर है?"

त्या हिवाळ्यात माझे सासरे आप्पा सांगलीहून आले. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. आप्पा दिवसभर खिडकीशी बसत, दोन घास खाऊन उठत. सुनीताने, माझ्या बायकोने, आईचा विषय काढला की "असू दे" म्हणून गप्प. ती रडकुंडीला आली होती. "आई गेलीच, आता आप्पाही चाललेत," म्हणायची.

सावर्डेकरांच्या कानावर हे जायचा अवकाश, शुक्रवारी दारात हजर.

"आप्पा, यल्ला, चला! वादप्रमुखाची जागा रिकामी आहे."

"मला खेळता येत नाही हो."

"खेळायला कोण सांगतंय? नुसतं भांडायचं. आमच्या तिकडे हे काम वडीलधाऱ्यांचंच."

आप्पा नाइलाजाने आले आणि छत्रीखाली मुकाट बसले. मग जोशींनी दोरी जरा सैल धरली.

"ओ जोशी! ताणा ती! आम्ही आंधळे वाटलो काय?"

सगळे चपापून आप्पांकडे वळले. सावर्डेकर वाळूत अक्षरशः नाचले. आप्पा मग दुपारपर्यंत भांडत होते.

खेळ संपला, जो तो घरी पांगला. सावर्डेकर एकटेच गोळे पुसत बसले.

"तुम्ही जेवायला कुठं?" आप्पांनी विचारलं.

"आहे की रूमवर. खबूसची रोटी, दही. खलास."

त्यांची बायको-मुलं चिपळूणला. त्यांच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. आप्पांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "उठा."

आमच्या टेबलाशी सावर्डेकरांची बोलतीच बंद झाली. खाली मान घालून आमटी-भात जेवत राहिले. बोलत होते आप्पा.

"सुनीताच्या आईनं आमटीला फोडणी दिली की मला शिंका यायच्या. मी शिंकलो की म्हणायची, झाली आमटी!"

आणि आप्पा हसले. सुनीता पळी हातात धरून दारातच थबकली.

"आमची हीसुद्धा..." सावर्डेकर म्हणाले आणि अडले.

आप्पांनी त्यांच्या पानात आमटी वाढली. "सांगा की. घाई कसली?"

सावर्डेकर सांगू लागले. सुनीताने डोळे पुसले आणि कुकर पुन्हा चढवला.