नवशिके, निष्णात आणि दोरीजवळचे

नम्रता हा माणसाचा सर्वांत मौल्यवान दागिना आहे, आणि अंगावर दागिने घालून मैदानात उतरू नये असा फुटबॉलचा स्पष्ट नियम आहे. आमच्या भागातली हौशी प्रौढ फुटबॉल लीग या दोन सत्यांच्या मधल्या जागेत खेळली जाते.

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असून पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर स्टुलावर बसून परीक्षानळीकडे पाहत राहिल्याने माझं पोट पुढे आलं. ते पाहून आईने मला तिच्या पहाटेच्या हास्यक्लबात न्यायचं ठरवलं. तिथे सभ्य, सुशिक्षित माणसं कुठलाही विनोद झालेला नसताना हात वर करून हसतात. कारणाशिवाय परिणाम ही गोष्ट माझ्या शिक्षणात बसत नाही. मी म्हणालो, "त्यापेक्षा मी फुटबॉल खेळेन."

"तू?" ताई म्हणाली. (हा एकाक्षरी प्रश्न ताईने माझ्या लहानपणापासून जपून वापरला आहे. अजून त्याची धार गेलेली नाही.)

शेवटी तह झाला. महिन्याभरात, प्रत्यक्ष सामन्यात, बॉल एकदा तरी माझ्या पायाला लागला तर हास्यक्लब माफ. नाही लागला, तर पुढच्या महिन्यापासून पहाटे आईच्या शेजारी उभं राहून हा हा, हो हो.

लीग शोधणं सोपं नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "आहे ना, आमच्या ऑफिसातला एक जण खेळायचा," आणि मग त्या एकाच्या ऑपरेशनची सविस्तर हकीकत सांगायचा. अशी बरीच ऑपरेशनं ऐकल्यावर लीगचे सचिव सापडले. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्यांनी मला विचारलं, "गट कुठला? नवशिके, मध्यम की निष्णात?"

"ते कोण ठरवतं?"

"ज्याचं त्याने. मोठ्या माणसाला त्याची लायकी सांगायला घरचे असतात. लीग त्यात पडत नाही."

हे धोरण मला अत्यंत सुसंस्कृत वाटलं. शाळेत मी शेवटचा बॉल मारला होता तो मुख्याध्यापकांच्या खोलीच्या कौलांवर गेला होता. म्हणून मी प्रामाणिकपणे 'नवशिके' म्हणालो.

"वा," सचिव म्हणाले. "आपण सगळे नवशिकेच."

रविवारी मैदानावर पोहोचलो तर वातावरण एखाद्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकासारखं होतं. दाताचे डॉक्टर गुडघा चोळत म्हणाले, "मला कुठे येतं हो? कॉलेजात असताना आपलं थोडंफार लाथाडायचो." एक वेल्डर म्हणाला, "माझी तर कंबरच गेलीये. फक्त तोंड दाखवायला आलो." एक निवृत्त मास्तर काठी टेकत आले. "मी मोकळी हवा खायला येतो, मला हिशेबात धरूच नका."

मी त्यांना हिशेबात धरलं नाही. शिट्टी वाजली. मास्तरांनी काठी गोलच्या खांबाला टेकवून ठेवली आणि पाच गोल केले. डॉक्टरांनी मैदानाच्या मध्यावरून, पाठमोरे असताना, टाचेने एक मारला आणि लगेच "चुकून गेला, चुकून गेला" असं म्हणत सगळ्यांची माफी मागितली. सामना चौदा विरुद्ध अकरा असा सुटला. बॉल मला दोनदा लागला: एकदा पाठीला, एकदा कानाला.

"लागला का पायाला?" रात्री जेवताना ताईने विचारलं.

"कानाला लागला."

"कान मी विचारला नव्हता."

आई म्हणाली, "काही नाही रे, आमच्या क्लबात कान चालतो."

पुढच्या दोन रविवारी मी शास्त्रीय पद्धतीचा अवलंब केला. बॉल मिळत नसल्याने निरीक्षणाला भरपूर वेळ होता. सामन्याआधी प्रत्येकाने केलेल्या तक्रारी आडव्या अक्षावर आणि त्याने केलेले गोल उभ्या अक्षावर मांडले, तेव्हा इतकी सरळ रेषा आली की अशी रेषा मला पदवीच्या प्रात्यक्षिकात खोटी आकडेमोड करूनही कधी आली नव्हती. नुसता गुडघा दुखत असेल तर एक गोल. गुडघा आणि कंबर, तर तीन. "डॉक्टरने सक्त मनाई केलीये" असं म्हणणारा माणूस दिसला की गोलकीपर चष्मा काढून खिशात ठेवायचा.

विज्ञानात रेषा पुढे वाढवता येते, आणि मागेही. जिथे सगळे जण स्वतःला नवशिके म्हणवतात तिथे जर असं चालत असेल, तर जिथे सगळे स्वतःला निष्णात म्हणवतात तिथे काय चालत असेल? मी सचिवांना गाठलं आणि गट बदलून मागितला.

"निष्णात?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीन सामने, बॉल पायाला नाही, आणि निष्णात?"

"हो."

"शाब्बास. अगदी योग्य गट निवडलात."

महिन्याचा शेवटचा रविवार होता. पुरावा हवा म्हणून ताई स्वतः आली आणि मैदानाभोवतीच्या दोरीला टेकून उभी राहिली. निष्णातांचा थाट पाहण्यासारखा होता. कपाळाला पट्टी, मनगटाला पट्टी, कोऱ्या बुटांचा वास. कुणाचंही काहीही दुखत नव्हतं. आमचा कप्तान विमा एजंट होता. तो म्हणाला, "आपली शैली आक्रमक आहे. बचाव वगैरे दुबळ्यांनी करायचा." समोरचा कप्तानही हेच सांगत असावा, कारण सुरुवातीचा बराच वेळ दोन्ही संघ एकाच गोलवर हल्ला करत होते. तिथल्या गोलकीपरने दोघांनाही निःपक्षपातीपणे थोपवून धरलं. दुसरा गोलकीपर केळं खात होता. पंच लक्षपूर्वक पाहत होते. (पंचही निष्णात आहेत.)

मग ती घटना घडली. बॉल हळूहळू घरंगळत माझ्यापासून दोन पावलांवर आला आणि थांबला. त्याला जायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती असं नाही. पण तो थांबला. बाकीचे एकमेकांना "तुझा!" "अरे तुझा!" म्हणत मागे सरकले.

"मार ना रे बावळटा!" दोरीकडून आवाज आला.

मी डोळे मिटून पाय झाडला. डोळे उघडले तेव्हा बॉल गोलमध्ये होता, केळ्याचं साल गोलकीपरच्या हातात होतं आणि मी खांद्यांवर होतो. काही खांदे आमच्या संघाचे होते, काही त्यांच्या संघाचे. तो गोल कुणावर झाला यावर एकमत न झाल्याने पंचांनी दोन्ही संघांना एकेक दिला आणि सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं.

मी धावत दोरीपाशी गेलो. "पाहिलंस? पायाला!"

ताई हाताची घडी घालून उभी होती. "पाहिलं. पण डावीकडची बाजू अख्खी मोकळी होती. तिकडे द्यायचास ना."

"तू कधी खेळली आहेस?"

"खेळायला कशाला पाहिजे? दिसतंय ना!"

तिच्या शेजारचे सगळे माना डोलवत "बरोबर बोलल्या ताई" म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोरीपाशी बरीच गर्दी आहे, आणि ती प्रत्येक रविवारी असते. सचिवांना विचारल्यावर ते म्हणाले, "तो आपला मध्यम गट. सगळ्यांत मोठा."

मध्यम गटाचा आजवर एकही सामना झालेला नाही. नवशिक्यांची नम्रता खोटी आहे हे या मंडळींना कळतं, निष्णातांचा आत्मविश्वासही खोटा आहे हे कळतं, आणि स्वतःविषयीचं मत तपासायची वेळ येऊ नये म्हणून ती कधी खेळत नाहीत. त्यांना नाव नोंदवावं लागत नाही. सचिव लक्षणं पाहून परस्पर नोंदवतात. लक्षण एकच: मास्तरांच्या काठीला हसणं, केळ्यालाही हसणं, आणि 'निदान कुठल्या गोलवर मारायचं एवढं तरी मला कळलं असतं' असं मनात म्हणणं.

तेव्हा वाचकहो, आपलं नाव नोंदवून झालं आहे. दोरीपाशी, ताईच्या डावीकडे, जागा राखून ठेवली आहे. बॉल आपल्याकडे आलाच तर कृपया हाताने परत द्यावा. पायाने मारल्यास गट बदलू शकतो.