माशीचा मोडलेला केस

चहात माशी पडली की माणसं चहा फेकतात. कुडव्यातले माझे शेजारी पटले सर माशी चिमट्यानं उचलून कागदावर ठेवतात, खिशातलं भिंग काढतात आणि तिच्या पाठीवरचे केस मोजतात. "घरमाशी आहे, साधी. पी बापा." चहा माझा असतो.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचा जीव जडला तो उझी माशीवर. ही बया रेशमाच्या किड्यावर अंडी घालते, आणि तिच्या अळ्या त्याला आतून खातात. चोरखमारा गावाकडचे कोसा-रेशमाचे किडे पाळणारे वैतागून असे किडलेले कोसे सरांकडे आणतात. ते माशीला शिव्या घालू लागले की सर हात वर करतात, "आधी ओळख, मंग शिवी!"

गेल्या महिन्यात सर धापा टाकत माझ्या दारात आले. हातात जुनी डबी. "नवी जात सापडली बापा! उझीले पाठीवर या बाजूले चार केस पाहिजेत, हिले तीनच आहेत." माशी कागदावर आडवी चिकटवलेली, तिची एकच बाजू दिसत होती. नावही ठरलं होतं. सुमनबाईंचं. सरांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सर, माशीला काकूंचं नाव?"

"काऊन? गुलाबाले तं कोनीबी देते. तिनं जलमभर या माश्यांसंगं संसार केला. हक्क आहे तिचा."

भिंगावर भागेना, म्हणून मी त्यांना स्कूटरवर गोंदियाच्या कॉलेजात नेलं. तिथं मोठा सूक्ष्मदर्शक होता. दोन्ही हातांत डबी असल्यामुळे सरांना धरायला हातच नव्हता, आणि दर खड्ड्याला शिव्या मला. तेव्हा ओळखबिळख काही नाही.

सर बराच वेळ नळीला डोळा लावून बसले. मग हळूच म्हणाले, "खाच आहे. केस होता बापा, मोडला. आपलीच उझी आहे."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात सर स्वतःशीच हसायला लागले.

"सुमनचं काम आहे हे. दिवाळीच्या सफाईत डब्या उघडून एकेक माशी कापसानं पुसून राहिली होती. मी लय बोललो तिले. तं म्हने, घान बसली होती, पुसू नाही का? दोन दिवस बोलली नाही माह्यासंगं."

घरी आल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि माशीखालची चिठ्ठी बदलली. प्रत्येक माशीखाली त्यांची अशी चिठ्ठी असते: जात, गाव, गोळा करणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीवर एक ओळ जास्त होती.

"उझी माशी. चोरखमारा. गोळा करणारा: पटले. पुसणारी: सुमन."