फाईलवरची एकच सही

दसऱ्याच्या आत दहा केसेस, प्रत्येकीच्या सहा बैठका, आणि दिवाळीचा फराळ खाता खाता फाईल पूर्ण! निकिताने हे गणपतीतच घरात जाहीर करून टाकलं. नुसतं जाहीर करून थांबली नाही, तर साठ चौकोनांचा तक्ता आखून भिंतीवर डकवला. ही दोन हजार एक सालची गोष्ट. पोरीचा आत्मविश्वास तेव्हा असा होता, की तक्त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी होतं.

मखमलाबादच्या फुलमळ्यातली ही मुलगी आधी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली. घरच्यांना वाटलं, झालं एकदाचं. मग कळलं की नुसत्या बी.ए.ला कोणी विचारत नाही, एम.ए. लागतं. एम.ए. झाली, तेव्हा कळलं की एम.ए.लाही कोणी विचारत नाही, वर समुपदेशनाचा डिप्लोमा लागतो. तिचे वडील रंगनाथ म्हणजे पहाटे झेंडूच्या गोण्या टेम्पोत टाकून फुलबाजार गाठणारे. त्यांना ही शिडी कधी कळलीच नाही. एक पायरी चढावी तर वर आणखी एक. गोळ्या देणार का, असं त्यांनी एकदा विचारलं. नाही. इंजेक्शन? तेही नाही. मग करणार काय? लोकांचं ऐकून घेणार, असं निकिता म्हणाली. रंगनाथांनी हातातली गोणी खाली ठेवली.

"ऐकायला सहा वर्षं शिकावं लागतं?"

तेव्हा हे वर्ष शेवटचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सातपूरच्या एका कारखान्याने कामगारांसाठी समुपदेशक म्हणून निकिताला घ्यायची तयारी दाखवली होती, पण डिप्लोमा डिसेंबरात हातात हवा. मिळाला तर नोकरी. नाहीतर निफाडचं स्थळ. वीस एकर द्राक्षबाग, मुलगा एकुलता एक, आणि त्याच्या आईचं म्हणणं असं की सून शिकलेली असावी पण ते दिसू नये. या मंडळींना रंगनाथांनी नोव्हेंबर संपेपर्यंत कसंबसं थोपवून धरलं होतं.

डिप्लोमा पदरात पडायचा तर तीस नोव्हेंबरला फाईल द्यायची, आणि तिच्यावर मार्गदर्शकांची सही हवी. मार्गदर्शक होते नाशिक रोडचे देवराम कापडणीस सर. समास एक इंच सुटला नाही तर पान परत, इतके नियमाचे पक्के. प्रत्येक केसचं संमतीपत्र, सहा बैठकांच्या नोंदी, खाली ज्याची केस त्याची सही, आणि त्याच्याखाली सरांची.

निकिताने फुलांच्या शेडमागची खोली झाडून घेतली. दोन खुर्च्या मांडल्या, घड्याळ लावलं, लोक रडतील म्हणून सहा रुमाल धुऊन घड्या करून ठेवले. आईला, म्हणजे बायडाबाईंना, बजावलं की आलेल्या माणसाला पाच मिनिटं बाहेर बसव, मी हाक मारीन. इथेच सगळं फिसकटलं.

कारण त्या मळ्यातला रिवाज असा, की हंगामात फुलांच्या ढिगाशेजारी कोणी रिकाम्या हाताने बसायचं नाही. पाहुणा असो, पोस्टमन असो, टेकला की सुई-दोरा हातात. माणसाला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे बायडाबाईंच्या हिशेबी त्याचा अपमान.

पहिली केस होती शेजारच्या आळीतली साधना. लग्नाला दोन वर्षं, डोळ्याला डोळा नाही, अन्न गोड लागत नाही. तिला दहाची वेळ दिली होती, ती साडेनवालाच आली. निकिता आत घड्याळाकडे बघत ताठ बसलेली, कारण वेळ पाळणं हा पुस्तकातला पहिला धडा. बाहेर साधनाच्या हातात सुई आली, नजर खाली गेली, आणि नजर खाली गेली की तोंड कसं आपसूक उघडतं. पहिल्या हारात सासू झाली, दुसऱ्यात नणंद, तिसऱ्यात नवरा. बायडाबाई नुसतं "मंग गं?" म्हणत होत्या. दहाच्या ठोक्याला निकिताने हाक मारली, तशी साधना पदर झटकत दारात आली.

"आता काय राह्यलंच नाय गं सांगायला. लय हलकं वाटतंय."

आणि गेली की घरी! दुसरा आला कुंदन. सातपूरला पाळीत काम करायचा, रागाच्या भरात सुपरवायझरवर पाना उगारलेला. बायकांत बसून हार करायला आधी लाजला. मग बसला. दोरा चारदा तोडला, पाचव्यांदा नाही तोडला. त्यालाही खोलीत यायची गरज उरली नाही, जाताना मोटारसायकलच्या हँडलला एक हार बांधून घेऊन गेला.

पंधरवड्यात गावभर झालं, की रंगनाथच्या मळ्यात जाऊन बसलं की बरं वाटतं. रोज पंधरा-वीस माणसं शेडमध्ये, आणि निकिताच्या खोलीत चिटपाखरू नाही. रंगनाथ तर हरखून गेले, कारण उभ्या हंगामात हारांना मजूर लावावा लागला नाही.

"तुझ्या शिक्षणाचा पहिल्यांदा उपयोग झाला, पोरी," ते अगदी मनापासून म्हणाले. निकिता खोलीत गेली आणि सहापैकी एक रुमाल तिने स्वतःच भिजवला.

तिने करायचं काय बाकी ठेवलं? लोकांना मागच्या दाराने आत आणलं, तर ते खुर्चीत बसून घड्याळ बघायचे आणि फुलं संपली का म्हणून विचारायचे. वही घेऊन स्वतः ढिगाशी जाऊन बसली, तर पेन बघून सगळ्या चिडीचूप. वही ठेवून दिली, तेव्हा बायका बोलल्या, रडल्यासुद्धा. पण संमतीपत्र पुढे केलं की हात मागे. ठमाबाई म्हणून एक वयस्कर बाई होती, तिने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं.

"डोकं ठिकाणावर नाय, असं लिहून देऊ व्हय? उद्या माझ्या नातीच्या लग्नात कोणी हा कागद काढला तर?"

दसरा तीन दिवसांवर आला आणि तक्त्यातले साठच्या साठ चौकोन कोरे. जीव इतका रडकुंडीला आला, की त्या मंगळवारी निकिताने खोटी नावं घालून दोन केसेस लिहून काढल्या. मग स्वतःचीच किळस वाटली, आणि फाडून टाकल्या.

ती कागदाचे तुकडे वेचत होती, आणि नेमके तेव्हाच कापडणीस सर न कळवता तपासणीला आले. बायडाबाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. इस्त्रीचा बुशकोट, हातात बॅग आणि चेहरा पार उतरलेला. बिचाऱ्याला फारच त्रास दिसतोय, असं म्हणून त्यांनी सरांना गोणपाटावर बसवलं आणि सुई हातात दिली.

अर्ध्या तासाने निकिता बाहेर आली ती जागीच थिजली. सर मांडी घालून झेंडू ओवत होते. वर्गात पुस्तकी मराठीखेरीज शब्द न काढणारा हा माणूस आपल्या सटाण्याकडच्या बोलीत बायडाबाईंना सांगत होता, "घरमा कोनी बोलस नही मनासंगे." म्हणजे घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

पळून जावंसं वाटलं तिला. पण ती शेजारी बसली आणि सुई घेतली. सरांची बायको आठ महिन्यांपासून मालेगावला मुलीकडे राहत होती. तीस वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, असं सांगून गेली होती. आणि हा माणूस जिल्हाभर पोरांना ऐकायला शिकवत फिरत होता! निकिता तासभर झेंडू ओवत ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"ते वाक्य पुरं झालं असतं तर काय असतं, सर?"

सरांच्या हातातली सुई थांबली. उरलेल्या पाच रुमालांपैकी तीन लागले. पुढच्या मंगळवारी येऊ का, असं विचारून ते गेले. तपासणीचं त्यांना आठवलंसुद्धा नाही.

तो पहिला धरून ते सहा मंगळवार आले. ऐन दिवाळीतलाही चुकवला नाही. निकिताने भीत भीत संमतीपत्र पुढे केलं, तर सही करून मोकळे झाले, वर समास कमी सुटलाय म्हणाले. सहाव्या मंगळवारी त्यांनी सांगितलं, की ते मालेगावला जाऊन आले, बायको तीन तास बोलली आणि ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात ती परत येणार होती. त्या दिवशी निकिताला आनंदाने भरून आलं. सहा वर्षं वाया गेली नाहीत, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तीस तारखेला ती नाशिक रोडला सरांच्या घरी गेली. दहाच्या जागी एकच केस होती, पण सरांना सगळं माहीत होतं, काहीतरी सवलत देतील, निदान मुदत तरी, अशी तिला वेडी आशा होती. सरांनी चष्मा चढवला आणि पहिली केस सावकाश, एकेक ओळ वाचली. पाणावलेले डोळे पुसले.

"इतकं चांगलं काम मी आजवर पाहिलेलं नाही," ते म्हणाले. मग पुढची पानं उलटली. ती कोरीच होती.

"नऊ केसेस नाहीत. आणि या एकीवर केसच्या जागी माझीच सही आहे. त्याच माणसाने खाली मार्गदर्शक म्हणून सही करणं नियमात बसत नाही."

"म्हणजे सर, एकच धरायची?"

"म्हणजे एकही नाही."

त्यांनी पट्टी घेऊन लाल शाईने रेघ मारली आणि तिच्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'पूर्ण केसेस शून्य. पुढील वर्षी पुन्हा.' समास बरोबर एक इंच सुटला होता. निकिताच्या डोळ्यांपुढे सातपूरच्या कारखान्याचं फाटक बंद झालं. फाईल उचलून ती दारापर्यंत गेली, तेव्हा मागून सरांचा अवघडलेला आवाज आला.

"ती येईपर्यंत घर खायला उठतं गं. मंगळवारी येऊ ना?"

"मंगळवारी नाही जमणार, सर. निफाडचे पाहुणे मला बघायला येतायत."

सरांनी सहानुभूतीने मान हलवली. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते थांबले होते, मध्ये एक शब्द बोलले नव्हते. मग क्षणभर विचार करून त्यांनी विचारलं, "बरं, मग बुधवारी?"