मानेला नंबर नाही

"आजारी पडायचंच झालं, तर माणसाने कुणाच्या देशात पडावं? काकाच्या, मावशीच्या, की आपल्या?"

बिट्टीने हा प्रश्न विचारला आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर महामारी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच सगळे एकदम कॅमेऱ्याजवळ सरकले. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती, "काका-मावशी दोघांना एकदम विचारून दाखव, मग मानलं तुला!" आणि बिट्टी हल्ली कुठल्याही पैजेला नाही म्हणत नसे. गेल्या वर्षी व्यासपीठावर "आदरणीय परीक्षक" एवढंच बोलून रडत खाली उतरलेली हीच ती मुलगी. उद्या सोमवारी ती वर्गातर्फे वादविवाद स्पर्धेत उभी राहणार होती. किती तरी महिन्यांनी शाळेचं सभागृह उघडणार होतं, एक सोडून एक का होईना, पण खुर्च्यांवर खरीखुरी माणसं बसणार होती, आणि विषय होता 'महामारीत कुठल्या देशाची आरोग्यव्यवस्था सरस?' बिट्टीला बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं, की ती दात घासतानाही समारोप करत होती. फेस उडायचा, पण मुद्दा सुटायचा नाही.

"हा काय प्रश्न झाला?" मावशी म्हणाली. ती आईची धाकटी बहीण, आणि तिकडे नर्स. "अर्थात माझ्या! इथे मंत्री असो नाहीतर माळी, रांग एकच."

"रांग आहे हे कबूल केलंस, बरं झालं," काका लगेच म्हणाला. तो बाबांचा धाकटा भाऊ, दुसऱ्याच एका देशात राहणारा. "तुमच्याकडे पुढच्या वर्षीचं पडसं आत्ताच नोंदवावं लागतं म्हणे?"

"आणि तुमच्याकडे आधी विमा विचारतात, मग नाव. आजार विचारायला वेळ उरला तर उरला!"

"भांडू नका रे," आई म्हणाली. "आपल्या देशातही काही कमी नाही. फक्त ओळख लागते. माझ्या मैत्रिणीच्या दिराचा मित्र एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आहे."

"डॉक्टर?" काकाने विचारलं.

"लिफ्टवर. पण सगळ्या मजल्यांवर ओळख आहे त्याची."

इथे या घराची एक गोम सांगायलाच हवी. नेटवर्क धड असं फक्त गॅलरीत यायचं, त्यामुळे सगळे कॉल गॅलरीतून. आणि बाबांची पक्की समजूत अशी, की माणूस जितका लांब, तितकं मोठ्याने बोलावं लागतं. मावशीशी ते ओरडून बोलत. काका तिच्याही पलीकडे, म्हणून त्याच्याशी किंचाळून.

"नुसतं तोंडाने सांगून काय उपयोग?" बिट्टी म्हणाली. "मला भाषणाला पुरावा हवाय. लावा ना आपापल्या हेल्पलाइनला फोन. बघू, कोण आधी उचलतं!"

"आणि पेशंट कोण?" मावशीने विचारलं.

सगळ्यांचं लक्ष बाबांकडे गेलं. रात्री सोफ्यावर वाकडेतिकडे झोपल्यामुळे बाबांची मान सकाळपासून धरली होती, आणि तिची अजून कुणी साधी चौकशीही केली नव्हती. बाबांचा चेहरा उजळला. "आई गं!" ते लगेच कण्हले.

मावशीने दुसऱ्या फोनवरून तिच्या देशाला फोन लावला. गोड संगीत सुरू झालं. मधूनमधून एक बाई 'आपण रांगेत आहात' असं इतक्या मायेने सांगत होती, की रांगेतून बाहेर पडावंसंच वाटू नये. बाबा मान जमेल तेवढी डोलवत होते. आईने आपल्या देशाला फोन लावला. एंगेज. काकाचा फोन मात्र पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण यंत्राने. 'तापासाठी एक दाबा. खोकल्यासाठी दोन. वास येत नसल्यास तीन.'

"दादा, मानेला नंबरच नाहीये," काका म्हणाला.

"मग रे?"

"तात्पुरता ताप घे."

"किती घेऊ?"

"घसघशीत घे. कमी तापाला पुन्हा पहिल्यापासून ऐकवतात."

"वाटलं तर खोकलाही घेतो," बाबा उदारपणे म्हणाले.

तेवढ्यात यंत्राने फर्मावलं, 'रुग्णाने स्वतः, स्पष्ट आवाजात लक्षणं सांगावीत.'

बाबा उठून उभे राहिले. आधीच काका लांब, त्यात हे त्याच्या फोनच्या आतलं यंत्र, म्हणजे आणखी लांब. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गॅलरीचा कठडा धरून डरकाळी फोडली, "ताप! फणफणून ताप! कोरडा खोकला! कशाचाही वास येत नाही!" आणि वर नमुना म्हणून खोकूनही दाखवलं. काय खोकले! समोरच्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. खाली सायकल शिकणारी एक मुलगी शिकणं अर्धवट टाकून सायकलवरूनच सुसाट निघून गेली.

"बास झालं हो, खरंच वाटतंय," आई म्हणाली.

काकाच्या यंत्राने बाबांचं सगळं दुःख शांतपणे ऐकून विम्याचा क्रमांक मागितला. अर्धा तास झाला, मावशीचं संगीत अजून तेच कडवं वाजवत होतं. आईचा फोन एंगेजच. "तिन्ही देश बरोबरीत!" बिट्टीने जाहीर केलं, आणि दारावरची बेल वाजली.

दारात नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातल्या एक बाई उभ्या. चंद्रावर निघाल्या असाव्यात आणि चुकून दुसऱ्या मजल्यावर उतरल्या असाव्यात, अशा. त्यांच्या मागे, जिन्याच्या वळणावर, नाकावर दोन मास्क लावून खालच्या मजल्यावरचे वकील.

"मीच कळवलं," वकील लांबूनच म्हणाले. "हेल्पलाइन लागत नव्हती. पण आरोग्य केंद्रात आपला भाचा आहे."

"बघ!" आई फोनमधल्या काकाला अभिमानाने म्हणाली. "म्हटलं नव्हतं? ओळख!" आणि मग काय झालंय ते तिच्या लक्षात आलं.

"पेशंट कोण?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी मानेकडे.

"ताप किती आहे?"

"नाही हो, तो भावाच्या देशापुरता होता."

"वास येतो?"

"येतो की! तुमच्या सॅनिटायझरचा मस्त येतोय."

"खोकला?"

"छे छे, अजिबात..." असं म्हणता म्हणता बाबांना घाबरून असा ठसका लागला, की वकील अर्धा जिना उतरून गेले.

बाईंनी बाबांच्या नाकात काडी घातली. बाबा मानदुखी विसरून छताकडे बघू लागले. "रिपोर्ट परवा," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत घरातून कुणीही बाहेर पडायचं नाही."

"कुणीही म्हणजे मी नाही ना?" बिट्टी किंचाळली. "उद्या माझी स्पर्धा आहे! आरोग्यव्यवस्थेवर बोलायचंय मला!"

बाईंचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. "बोल की," त्या म्हणाल्या. "मी मात्र एका आजोबांना 'थांबा, आलेच' सांगून इथे आलेय. त्यांना खरा ताप आहे." आणि दारावर विलगीकरणाची पिवळी पट्टी चिकटवून त्या धावतच खाली गेल्या.

कॉल अजून चालू होता. "स्पीडला मानलं बुवा तुमच्या," काका पुटपुटला. तेवढ्यात मावशीच्या दुसऱ्या फोनवरचं संगीत थांबलं आणि एक दमलेला आवाज आला, "हॅलो, किती त्रास होतोय तुम्हाला?" मावशी स्वतः नर्स. तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "माफ करा, चुकून लागला," म्हणून तिने फोन ठेवला.

दहा मिनिटांत मुख्याध्यापिकांचा फोन आला. वकिलांची ओळख शाळेतही होती.

"काळजी घ्या हं सगळ्यांनी. आणि उद्या तुझ्याऐवजी तुमच्या वर्गातली ती लंबू बोलेल."

लंबू! पैज लावण्यात सगळ्यांत पुढे होती तीच! बिट्टीचं गेल्या वर्षीचं रडू थेट वर आलं. तिने गॅलरीचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, विषय काय आहे? महामारीतली आरोग्यव्यवस्था. बाकीचे सगळे वाचून बोलणार. पट्टीच्या आतून बोलणारी मी एकटीच आहे. आणि माझंच नाव कापणार?"

"पण नियम सभागृहात हजर राहण्याचा आहे."

"तुम्ही फोन माइकसमोर धरा. तुमच्या हातात मी हजर!"

पलीकडे नियमांचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "वेळेत संपवशील?"

"घंटा वाजायच्या आत!"

ती आत आली तेव्हा घरात पुन्हा मैफल जमली होती. आईने दाराला कान लावून सगळं ऐकलं होतं आणि बातमी दोन्ही देशांना पोचवलीही होती.

"शाब्बास! आता माझ्या देशाच्या बाजूने बोलायचं हं," मावशी म्हणाली.

"काकाला विसरू नकोस. पहिल्या रिंगला उचलला होता!" काका म्हणाला.

"काही नको," आई म्हणाली. "दारात माणूस कुणाचा आला? आपला!"

बिट्टीने तिघांकडे बघितलं, फोन हातात घेतला आणि लाल बटण दाबलं. दोन देश एकदम गप्प झाले. तिसऱ्या देशाला तिने सोफ्यावर बसवलं, बाबांच्या शेजारी.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी कुणाच्याच देशाच्या बाजूने बोलणार नाही. ते आजोबा थांबलेत ना, मी त्यांच्या बाजूने बोलणार. आणि ते कुणामुळे थांबले तेही सांगणार, सगळ्या नात्यांसकट. पहिलं नाव माझं, मग तुम्ही. आणि उद्या मी गॅलरीत बोलत असताना तुम्ही दोघांनी आतल्या खोलीत दार लावून बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही. आणि बाबा, ठसका आला, तर गिळायचा."