स्मरणार्थ नायलॉनची दोरी

चारकोपच्या आमच्या ‘रानफूल’ सहकारी गृहनिर्माण संस्थेचं गवत कापायचं पेट्रोल मशीन तुळशीचं लग्न उरकल्यावर लगेच बंद पडलं. वास्तविक यात गंभीर काही नव्हतं. गवत छाटणारी नायलॉनची दोरी संपली होती, ती जिच्यात गुंडाळतात ती खालची चकती झिजली होती, स्पार्क प्लग काजळला होता आणि एअर फिल्टर बदलायला झाला होता. माळी धोंडिराम म्हणाला, "साहेब, सामान आणून द्या, चहा निवायच्या आत बसवतो." मी संस्थेचा सेक्रेटरी. असं झटपट काम करायची आमच्याकडे पद्धत नाही.

खरं तर मला घाई होती. रविवारी माझ्या मुलीची, अक्षताची, हळद त्याच मैदानात व्हायची होती. "हॉल नको हं बाबा. मी इथंच सायकल शिकले, हळदही इथंच," असं तिनं बजावलं होतं. आणि गवत कमरेला लागत होतं. माझी बायको सुलक्षणा खिडकीतून आधी गवताकडे बघायची, मग त्याच नजरेनं माझ्याकडे.

पण संस्थेचा दंडकच आहे, की कोणाच्या तरी स्मरणार्थ असल्याशिवाय कुठलीही वस्तू आवारात येत नाही. ओल्या कचऱ्याचा डबा एका सासूबाईंच्या स्मरणार्थ आहे, सुक्याचा त्यांच्या यजमानांच्या. मशीन तर खुद्द अध्यक्ष जयवंतरावांच्या वडिलांच्या, कै. भिकाजींच्या स्मरणार्थ. तेव्हा सुट्या भागांसाठीही स्मरणं मागवणं क्रमप्राप्त होतं.

पहिला हात दुसऱ्या मजल्यावरच्या राजेशनं वर केला. चकती त्याच्या वडिलांच्या, कै. अनंत यांच्या नावानं.

जयवंतराव भडकले. "आमच्या बाबांच्या मशीनमध्ये तुझे बाबा कसे बसतील रे?"

"खाली बसतील ना काका. चकतीवर."

तातडीची सभा झाली. मूळ स्मरणास बाधा न येता दुय्यम स्मरण बसवण्यास हरकत नाही, असा ठराव सर्वानुमते झाला. दुय्यम शब्दावर राजेश रुसला. मग तो ‘सहस्मरण’ असा दुरुस्त केला. स्पार्क प्लगवर नाव मावेना, म्हणून जयवंतरावांनी मोठ्या मनानं तोही भिकाजींच्याच पदरात घातला. एअर फिल्टर चेतनाताईंनी आत्याबाईंच्या नावानं दिला. तो कव्हराच्या आत बसतो, हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आमची आत्या जन्मभर आतल्या खोलीत राहिली हो. मेल्यावर तरी बाहेर येऊ दे तिला." सभा गहिवरली. फिल्टर कव्हराच्या बाहेर, तारेनं बांधून बसवण्यात आला.

राहिली दोरी. ती कोणी घेईना. दोरी झिजते, तुटते, तिचे तुकडे गवतात पडतात. तिथं आपल्या माणसाचं नाव कोण देणार? शुक्रवार उजाडला, अन् हळदीच्या घाईपोटी मी माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाव देऊन टाकलं.

शनिवारी संध्याकाळी नारळ फुटला. धोंडिरामनं मशीन खांद्याला अडकवलं, स्टार्टरची दोरी ओढली, आणि काय सांगू, झकास आवाज! गवताची पहिली पट्टी भुईसपाट. अक्षतानं मेंदीचे हात हवेत नाचवले.

"बंद करा!" राजेश ओरडला. "बाबांचं नाव दिसत नाही! गरगर फिरतायत बाबा!"

"फिरू देत रे, सगळ्यांचंच काम होतंय," मी दरडावलं. मला भलताच जोर चढला होता. तेवढ्यात दोरीचा एक तुकडा उडून माझ्या चपलेशी पडला. मी तो उचलला.

"थांब!" मी किंचाळलो. "अण्णा तुटतायत!"

मशीन थांबलं. थांबल्यावर सगळी नावं स्वच्छ वाचता आली, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. जागीच सभा भरली आणि ठराव झाला, की मशीनचा वापर नावं वाचता येतील अशाच पद्धतीनं करण्यात यावा. म्हणजे ते बंद ठेवावं. गेटजवळ काचेची पेटी करायचंही ठरलं, अर्थात कोणाच्या तरी स्मरणार्थ.

सुलक्षणा रागावली की थेट मालवणीत येते. "मेल्यांनो, गवत कापूचा हा काय श्राद्ध घालूचा हा?" तिनं साडीचा पदर खोचला, घरातून आपल्या आईचा कोयता आणला आणि मैदानात उतरली. मागोमाग चार बायका. अंधार पडेस्तोवर मैदान मोकळं! आम्ही समिती सदस्यांनी बाकांवर बसून प्रोत्साहन दिलं.

हळद थाटात झाली. अक्षता इतकी गोड दिसत होती की माझे डोळे भरून आले. त्या भरात मी सुलक्षणाला म्हटलं, "कोयत्यावर तुझ्या आईच्या नावाची पाटी लावूया का गं?"

"लावा," ती हळदीचं बोट पुसत म्हणाली. "आणि मग पुढच्या वर्षी गवत दातांनी कापा."

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या सोसायटीच्या नाहीतर देवळाच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसला असाल, तर जरा मान वर करा. पात्यावरचं नाव अगदी सुरेख वाचता येतंय ना? मग रुमाल काढा आणि घाम पुसा. आडनाव ओळखीचं वाटेल. तुमचंच आहे.