गर्भगृहातली ठिणगी

दसऱ्याच्या सकाळी नरसिंहरावांची गाडी सुरू होईना.

एरवी ही काही बातमी नव्हती. गाडी लढाईच्या आधीची, कँटोन्मेंटमधला एक साहेब विलायतेला परत जाताना मागे टाकून गेलेला ऐवज. पण आज तिने सुरू व्हायलाच हवं होतं. होसकोट्याला भीमाचार्यांच्या घरी मुलीच्या, कमलाच्या लग्नाची बोलणी पक्की व्हायची होती. मुलगा उमाकांत विमानाच्या कारखान्यात नोकरीला, शांत आणि कमलाच्या मनात भरलेला. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. भीमाचार्य निवृत्त इंजिनियर. दसऱ्याला मुहूर्त पाहावा लागत नाही हे साऱ्या जगाला मान्य होतं, त्यांना नव्हतं. "शुक्रवार आहे, साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत उंबरा ओलांडा," असा त्यांचा निरोप होता. आणि वर एक वाक्य : "माणूस वाहन कसं राखतो त्यावरून मी त्याचं घर ओळखतो."

या वाक्याने नरसिंहरावांची झोप उडवली होती. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते चष्मा पुसत बसत आणि बोलून झालं की आपण चुकलो असं वाटे. गाडी त्यांना भीतभीतच चालवता येई. म्हणून त्यांनी गाडीवरचं एक जाडजूड पुस्तक आणून पाठ करत आणलं होतं. पण पुस्तकातलं इंजिन आणि समोरचं इंजिन एकच आहे, याची त्यांना कधीच खात्री वाटली नाही.

आज किल्ली फिरवली की इंजिन खोकल्यासारखं घुरघुरे आणि गप्प होई. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी गोदूबाई नव्या इरकलीत, मांडीवर म्हैसूरपाकाचा डबा घेऊन बसल्या होत्या. शेजारी कमला.

"अहो, मी काय म्हणते—" गोदूबाई म्हणाल्या.

"थांब जरा. विचाराचा धागा तुटतो."

तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे मालोजीराव डोकावले. ते फौजेत होते. कशात होते ते नक्की कुणाला ठाऊक नव्हतं, पण कुठलीही वस्तू बिघडली की ते तिच्याच खात्यात होते असं निघे.

"काय रायरे," त्यांनी रावांना कानडी वळणाची हाक दिली, "रुसली का? स्वल्प थांबा. बॅटरी गेली असणार."

नरसिंहरावांनी भोंगा वाजवला. भोंगा असा खणखणीत वाजला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"बॅटरी ठीक आहे, असं अनुमान निघतं," नरसिंहराव हळूच म्हणाले. "म्हणजे, निघावं."

"मग पेट्रोल नाही."

"पेट्रोलचा वास येतोय की, काका," कमला म्हणाली.

"वासावर गाडी चालत नाही, पोरी." पण मालोजीरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यांनी एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनावर टेकवला आणि कमलाला पुढचं हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. दुसरा प्लग लावला. ठिणगी नाही. मग कॉइलची मधली वायर काढून ती इंजिनाजवळ धरली. ठिणगी नाही. तरी मालोजीराव तीन वेळा उगाच दचकले.

"कॉइल गेली," त्यांनी निकाल दिला. "आता जे. सी. रोडच्या मोटारबाजारात गेल्याशिवाय इलाज नाही. आणि आज दुकानं बंद."

"कॉइल गेली की कॉइलला वीजच मिळत नाही?" नरसिंहरावांनी अगदी चोरट्या आवाजात विचारलं. "पुस्तकात तसा एक भेद केलाय. अर्थात मी चुकत असेन."

"पुस्तकानं गाड्या चालत नसतात, रायरे. ढकला!"

"ठिणगीच नाही तर ढकलून काय होणार?"

"फौजेत आम्ही रणगाडे ढकलून चालू केलेत!"

या वाक्यापुढे तर्कशास्त्र लुळं पडलं. गोदूबाई डब्यासह खाली उतरल्या. समोरच्या घरातली माणसं धावली. काल आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाडीपुढे फोडलेला कोहळा तसाच फाटकाशी पडला होता. गाडीने हलायचं मनावर घेतलं आणि त्याच क्षणी मालोजीरावांचा पाय कोहळ्यावर पडला. ते आडवे झाले, गाडी आपल्या आपण उतारावर गेली आणि कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापाशी जाऊन सभ्यपणे थांबली. इंजिन गप्पच होतं.

"अहो, मी काय म्हणते—"

"अगं, थांब ना!" नरसिंहराव रडकुंडीला आले होते. राहुकाळ जवळ येत होता. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्गात उभं राहावं तसे बॉनेटसमोर उभे राहिले. "नीट क्रमानं पाहू. काल सकाळी मी गाडी चालवली. ती चालली. नंतर घरी आणून उभी केली. तेव्हापासून आतापर्यंत गाडीला कुणीही हात लावलेला नाही. म्हणून दोष—"

"हात लावल्याशिवाय पूजा होते होय?" गोदूबाई म्हणाल्या.

मालोजीराव कमरेवर हात ठेवून उठत होते, ते तसेच अर्धवट वाकून राहिले.

"पूजा तू बाहेरून केलीस ना, गोदू? बॉनेटवर स्वस्तिक आहे, चाकांखाली लिंबं ठेवली होतीस. ते मी पाहिलं."

"बाहेरून? देवळात जायचं आणि पायरीलाच कुंकू लावून परत यायचं होय? मागच्या रविवारी तुम्हीच नव्हतं का बॉनेट उघडून मला दाखवलंत? ते काळं झाकण, दोन चिमटे काढले की सुटतं ते. म्हणालात, हे गाडीचं गर्भगृह. इथं ठिणगी जन्मते, म्हणून सगळी गाडी जिवंत."

नरसिंहरावांना ते आठवलं. आयुष्यात एकदाच, बायकोने कौतुकाने ऐकलं म्हणून, त्यांची जीभ मोकळी सुटली होती. त्यांनी ते काळं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत हळद होती, कुंकू होतं, तेलात कालवलेलं गंध होतं. आणि जे दोन पॉइंट मिटले-उघडले की ठिणगी पडते, त्यांच्या बरोबर मध्ये एक लाल अक्षत रुतून बसली होती. पॉइंट मिटायला जागाच उरली नव्हती.

"सकाळपासून हेच सांगत होते," गोदूबाई म्हणाल्या. "तर म्हणे धागा तुटतो."

"मला वाटलंच होतं," मालोजीराव म्हणाले.

पेट्रोलात बुडवलेल्या उपरण्याच्या टोकाने नरसिंहरावांनी गर्भगृह स्वच्छ केलं. अक्षत फेकायची त्यांना छाती होईना, पूजेची होती. ती त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. किल्ली फिरवताच गाडी बोलू लागली. पण घड्याळही बोलत होतं. होसकोट्याच्या रस्त्याला लागायच्या आतच राहुकाळ सुरू झाला.

वाटेत कमला खिडकीबाहेर पाहत होती. तिचे डोळे भरले आहेत हे नरसिंहरावांना आरशात दिसलं आणि आपण ते पुस्तक आणलं तो दिवस त्यांना नकोसा झाला. भीमाचार्यांना काय सांगायचं? माझ्याच व्याख्यानाने माझी गाडी बंद पडली?

भीमाचार्यांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा दारात कुणीच नव्हतं. अंगणाच्या कडेला एका गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यातून रेशमी धोतराचा मागचा भाग तेवढा दिसत होता. खाली ताडपत्रीवर अर्धं इंजिन पसरलं होतं. धोतर सरळ झालं. ते भीमाचार्य होते, कोपरापर्यंत काळे.

"या, रायरे," ते ओशाळून म्हणाले. "तुम्हाला अर्ध्या वाटेवर सामोरा येणार होतो. पण सकाळपासून ही... ठिणगीच नाही. कॉइल गेलीय बहुतेक. उशीर झाला, माफ करा."

उशीर आपल्यालाच झाला असं भीमाचार्यांना वाटत होतं. नरसिंहराव काही म्हणणार, एवढ्यात त्यांना परवाची संध्याकाळ आठवली. कानडी रिवाजाने मांडलेल्या दसऱ्याच्या बाहुल्या पाहायला भीमाचार्यांच्या पत्नी भाग्यलक्ष्मीबाई त्यांच्या घरी आल्या होत्या. निघताना दोघी विहिणी बराच वेळ गाडीपाशी उभ्या होत्या. नरसिंहरावांनी गोदूबाईंकडे पाहिलं. गोदूबाई आभाळाकडे पाहत होत्या.

"झाकण काढून पाहिलंत का? डिस्ट्रिब्यूटरचं?"

"त्यात काय पाहायचं? मागच्याच महिन्यात मी स्वतः साफ केलंय."

"तरीपण... मी चुकत असेन. पाहू का?"

नरसिंहराव पुढे झाले. पाठ भीमाचार्यांकडे राहील अशा बेताने त्यांनी दोन चिमटे सोडले. हळद, कुंकू, गंध. मधोमध अक्षत. नखाने ती उचलून त्यांनी पहिलीच्या सोबतीला कोटाच्या खिशात टाकली, उपरणं फिरवलं. मग दोघांनी मिळून ताडपत्रीवरचे भाग जागच्या जागी बसवले, उमाकांतने बाहेर येऊन हँडल मारलं आणि गाडी धडधडू लागली.

भीमाचार्य बघतच राहिले. "काय होतं हो?"

"स्वल्प... धूळ."

भीमाचार्यांची नजर उपरण्यावर गेली. "लाल धूळ?"

"होसकोट्याची माती लालच की हो, अण्णा," उमाकांत कमलाकडे पाहत म्हणाला.

"सरी, सरी, बरोबर." भीमाचार्यांनी नरसिंहरावांचा हात आपल्या काळ्या हातात घेतला. "मी चाळीस वर्षं पूल बांधले. पण तुम्ही नुसतं बघून ओळखलंत! माणूस वाहन कसं राखतो, मी म्हणत होतो ना? राहुकाळ संपू दे, तोवर कॉफी घ्या. आता बोलणी कसली करायची? ठरलंच."

तेवढ्यात भाग्यलक्ष्मीबाई आतून आल्या. चालू गाडीकडे पाहून त्यांनी हात जोडले. "पूजा फळली बघा! परवा गोदूबाईंनीच मला सांगितलं, बाहेरून काय पूजा करायची, ते काळं झाकण—"

"विहीणबाई, तोंड गोड करा!" म्हणत गोदूबाईंनी म्हैसूरपाकाची सबंध वडी त्यांच्या तोंडात घातली. ती संपायच्या आत दुसरी.

राहुकाळ सरल्यावर कमला आणि उमाकांत देवापुढे वाकले. भीमाचार्यांनी थाळी फिरवून सगळ्यांना अक्षता वाटल्या. थाळी नरसिंहरावांपुढे आली तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून मूठ मिटून घेतली.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "माझ्याजवळ आहेत."