फाट्यावर थांबणारी जीप

राठोडकाका बाकावर बसले की आधी आरसा नीट करतात. आरसा नसतो हो! औंढ्यातलं माझं चहाचं दुकान, त्यातलं ते लाकडी बाक. पण काका हवेतला आरसा फिरवणार, क्लच दाबणार, गिअर टाकणार आणि मगच चहा मागणार. एकदा शेजारच्या गिऱ्हाइकाचा गुडघाच धरून रिव्हर्स टाकला. बिचारा कप घेऊन उठला.

नव्वद सालानंतर काका हिंगोली-औंढा काळीपिवळी जीप चालवायचे आणि मी मागं लटकून पत्र्यावर थाप मारायचो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आता जीप नाही, पण काका रोज बाकावरून तीच एक फेरी मारतात. प्रवासी मात्र बदलतात. कधी नवरदेव चढतो, कधी दोन शेळ्या. एकदा तर आमदारच टपावर बसवला. मी हसलो तर म्हणाले, "तू मागं होता, तुला काय दिसनार? बराबर हाय का न्हाई?"

एक प्रवासी तेवढा कायम, हिरव्या फ्रॉकची पोरगी. फाटा आला की काका जीप थांबवतात, ती उतरते, मग जीप पुढं.

खरं काय झालं ते मला ठाऊक आहे. ती पोरगी खरंच जीपमध्ये होती, त्या दिवशी जीप फाट्यापर्यंत पोचलीच नाही. अलीकडच्या पुलावर टायर फुटलं. आम्ही सगळे वाचलो, ती पोरगी गेली. तिची आई फाट्यावर वाट बघत उभी होती.

त्यानंतर काकांची वाचाच बसली. काकूनं अंगारे-धुपारे केले, शेवटी नांदेडला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. काकांनी सुईसाठी बाही वर करून ठेवली, तर बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि जीप चालवा. कितीतरी महिने काका बाईंसमोर खुर्चीत बसून हिंगोलीहून निघायचे आणि पुलावर अडकायचे, घामाघूम व्हायचे. एक दिवस बाईंनी विचारलं, तुमच्या हातात असतं तर कुठं थांबवली असती? तेव्हापासून जीप फाट्यावर थांबते, आणि काका बोलायचे थांबत नाहीत. काकूचे कान किटलेत.

एका सोमवारी नागनाथाचं दर्शन करून एक बाई चहाला टेकली. मी ओळखलं आणि काकांना खुणावलं. काका ऐन रंगात. त्यांनी फाट्यावर हिरव्या फ्रॉकची पोरगी उतरवली, तशी बाई हळूच म्हणाली, "हिरवा न्हाई, दादा. पिवळा व्हता. म्याच शिवला व्हता."

काकांनी मान वळवली. त्यांनीही ओळखलं. हातातलं स्टिअरिंग सोडून दिलं. मला वाटलं, संपलं, हा माणूस पुन्हा मुका होणार.

बाई सरकून बाकाच्या टोकाला बसली. "मी हाय तिथं फाट्यावर. पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा हिंगोलीहून जीप काढली. नवरदेव नाही, शेळ्या नाहीत. पूल आला, गेला. फाट्याजवळ ते वळून माझ्याकडं बघायला लागले. मला कळलं. मी दुकानाच्या पत्र्यावर एक थाप मारली.

"उतर, बाळा," काका म्हणाले. "तुझी माय उभी हाय."